मंदाच्या हातात पाना

नळ गळतोय असा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारायचो, "थेंब का धार?" थेंब असला तर माणूस आठ-आठ दिवस वाट बघतो. धार लागली की तासाभरात तीनदा फोन करतो. बत्तीस वर्षं मी नगरमध्ये प्लंबिंगचं काम केलं, त्यातलं बरंचसं सावेडीत. मूळ गाव पारनेर तालुक्यातलं. आमच्या गावात नळच नव्हता म्हणून नळाचं काम शिकलो, असं मी गमतीनं सांगायचो.

हे मी डाव्या हातानं लिहितोय. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येतं, आणि एक पान भरायला सकाळ जाते. ज्या सरांनी या दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं, त्यांच्या घरचे नळ मी वीस वर्षं सांभाळले आहेत. मी म्हटलं, सर, मला कुठं लिहिता येतंय. ते म्हणाले, "नळ कसा बदलायचा ते जसं मला सांगत होतात तसं सांगा, बाकीचं आम्ही बघू." म्हणून नळ कसा बदलायचा तेच सांगतो.

पूर्वीचा नळ म्हणजे पितळी तोटी. चार-पाच फेरे फिरवायची, आत रबराचा वॉशर दाबला जायचा आणि पाणी थांबायचं. वॉशर झिजला की बदलायचा, संपलं काम. आताचे चकचकीत नळ पाव फेऱ्यात उघडतात आणि पाव फेऱ्यात मिटतात. त्यांच्या पोटात बोटाएवढा एक भाग असतो, त्याला कार्ट्रिज म्हणतात. त्यात चिनीमातीच्या दोन गुळगुळीत चकत्या एकीवर एक बसवलेल्या असतात, जात्याच्या दोन दगडांसारख्या. दोघींना भोकं. मूठ फिरवली की वरची चकती फिरते, भोकावर भोक आलं की पाणी येतं, सरकलं की बंद. मात्र त्या दोघींच्या मधे वाळूचा एक कण गेला, किंवा बोअरच्या पाण्याचा क्षार बसला, की ओरखडा उठतो आणि नळ गळायला लागतो. चकत्या दुरुस्त होत नाहीत. अख्खं कार्ट्रिज काढायचं आणि तसंच दुसरं बसवायचं. कसलेल्या माणसाला वीस मिनिटं लागतात.

नवख्याला किती लागतात, ते मी एका बँकेतल्या साहेबांच्या घरी बघितलं. साहेबांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून स्वतःच काम काढलं. व्हिडिओतला माणूस पहिल्यांदा पाणी बंद करतो. तेवढा भाग साहेबांनी पुढं ढकलला होता. पान्याचा शेवटचा फेरा बसला आणि कार्ट्रिज बंदुकीच्या गोळीसारखं समोरच्या भिंतीवर गेलं. मी पोचलो तेव्हा साहेब नळाच्या तोंडावर दोन्ही तळहात दाबून उभे होते, लेंग्यापासून चष्म्यापर्यंत ओलेचिंब, आणि बाईसाहेब त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या. मी गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद केला. साहेब म्हणाले, "मिस्त्री, हे बाहेर कुणाला सांगू नका." नाव सांगितलेलं नाही, तेवढा शब्द पाळला.

दुसरी एक आठवण आहे, ती मात्र हसून सांगता येत नाही. एका फ्लॅटमध्ये सिंकचा नळ बदलत होतो. तिथल्या ताई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. मालक नोकरीला बाहेरगावी, घरात त्या आणि लहान मुलगी. ताई म्हणाल्या, "मला दाखवाल का कसं करतात? दर वेळी तुमची वाट बघावी लागते. मुलीला टाकून कुणाला शोधायला जाताही येत नाही." मी तोंडातल्या तोंडात हसलो आणि म्हणालो, "ताई, तुमी सगळं शिकलात तर आमी काय करायचं? पाना हे काय बायकांच्या हातातलं हत्यार हाय व्हय?" त्या आत निघून गेल्या. मला गिऱ्हाइकांची नावं राहत नाहीत, नळ राहतात. त्या ताईंचं नावही आठवत नाही. त्यांच्या सिंकवरची खिडकी आठवते, आणि त्या आत गेल्या ते आठवतं.

आता माझ्या घरचं.

माझी बायको मंदा. माहेर कर्जतकडचं. लग्न झाल्यापासून साड्यांना फॉल लावते, पिको करते, ब्लाउज शिवते. सावेडीच्या कडेला आमचं दोन खोल्यांचं घर आहे, वर गच्ची, गच्चीवर टाकी. एक मुलगी, वैशाली, कर्जतलाच दिली आहे. लोकांचे नळ नीट करणाऱ्याच्या घरी स्वयंपाकघरातला नळ गळत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. मंदा सांगायची, मी म्हणायचो, "रविवारी बघतो." असे बरेच रविवार गेले. तिनं नळाच्या तोंडाला चिंधी बांधली, म्हणजे थेंब आवाज न करता चिंधीवरून उतरायचा. माझी चूक तिनं अशी झाकून ठेवली होती, असं आज वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

मग एका सकाळी चहा पिताना माझ्या हातातला कप सुटला. मी उचलायला वाकलो तो उठलोच नाही. अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. दवाखान्यात जीव वाचला, पाय थोडा परत आला, काठी धरून संडासापर्यंत जाता येऊ लागलं. हात मात्र लोंबतच राहिला. बत्तीस वर्षं ज्या हातानं अंधारात, भिंतीआड, नुसत्या चाचपणीवर आटे जुळवले, तो हात मांडीवर दुसऱ्याचा असल्यासारखा पडून असायचा.

पण हातापेक्षा वाईट होतं बोलणं. डोक्यात शब्द स्पष्ट असायचा आणि तोंडातून दुसराच बाहेर पडायचा. पांघरूण मागायचं तर 'परात' म्हणायचो. माझा जोडीदार दिनकर, आम्ही दोघांनी मिळून किती बिल्डिंगांची कामं केली, तो भेटायला आला. मला म्हणायचं होतं, "बस." तोंडातून आलं, "ऊठ." बिचारा खरंच उठला. जरा वेळ दारात घोटाळला आणि गेला. मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं तर त्याचं नावच सापडेना.

त्या दिवसापासून मी तोंड मिटून घेतलं. काय हवं ते खुणेनं सांगायचो. माणसं आली की भिंतीकडं तोंड करून पडायचो. व्यायाम घ्यायला एक मॅडम यायच्या, त्या मंदाला बजावायच्या, "मावशी, काकांना बोलतं ठेवा. खुणा केल्या तर काही देऊ नका. आत्ता सराव केला नाही तर पुढं जड जाईल." मंदा मान डोलवायची. पण मी पाण्याच्या तांब्याकडं बोट दाखवलं की तिला राहवायचं नाही, ती तांब्या द्यायची. रोज संध्याकाळी वैशालीचा फोन यायचा. मंदा फोन माझ्या कानाला लावायची. पलीकडून पोरगी "आप्पा, आप्पा" करायची आणि मी हातानं फोन बाजूला सारायचो. असे सात महिने गेले.

मग एका सकाळी थेंबाची धार झाली.

मंदा मला न्याहारी देत होती. स्वयंपाकघरातून आवाज आला. चिंधी वाहून गेली होती आणि नळ बंद असूनही करंगळीएवढी धार लागली होती. मी काठी टेकत दारापर्यंत गेलो, तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो आणि मंदाला मोबाईलची खूण केली. दिनकरला बोलाव, असं मला म्हणायचं होतं.

ती म्हणाली, "कुनाला लावू फोन? नाव सांगा."

मी परत बोट दाखवलं.

"आवं, नाव सांगितल्याबिगर कसा लावू?"

तिला नाव चांगलं कळलेलं होतं. मी रागानं काठी आपटली. तिनं गॅस बंद केला, पदर खोचला, खाटेखालून माझी हत्यारांची पिशवी ओढली आणि ओट्यापुढं गोणपाट टाकून त्यावर ओतली. त्या पिशवीला तिनं कधी हात लावला नव्हता. मी लावू दिला नव्हता.

"मी काढते नळ. तुमी सांगा."

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मान हलवून नळ निघतो व्हय? सांगा, पयलं काय करू?"

धार चालूच होती. टाकी रिकामी झाली तर पुढचं पाणी परवा येणार. मी तोंड उघडलं. शब्द शोधायला लागलो तर घामच फुटला. शेवटी म्हणालो, "व... वर."

"वर? गच्चीवर?"

मी मान डोलावणार होतो. ती बघत उभीच राहिली. मी म्हणालो, "गच्ची. बंद."

ती धावत गेली, कॉक बंद करून आली. धार तशीच. टाकीला दोन कॉक आहेत, तिनं मोरीचा बंद केला होता. "दुसरा," मी म्हणालो. हा शब्द कसा कोण जाणे सरळ आला. ती परत जिना चढली. धार बारीक झाली, थेंबावर आली, थांबली. मंदा धापा टाकत खाली आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली, "आता?"

"पान," मी म्हणालो.

"पान? पान खायचं हाय तुमाला? आत्ता?"

"पान... पान..." मला पाना म्हणायचं होतं. शेवटचा काना काही केल्या जिभेवर येईना. मी डाव्या हातानं हवेत पाना फिरवल्यासारखं केलं. तिनं माझ्याकडं बघितलं, गोणपाटाकडं बघितलं आणि पाना उचलून धरला.

"ह्यो व्हय! मला वाटलं, चुना-कात लावून देऊ का काय."

आणि ती हसली. सात महिन्यांत ती हसली नव्हती हे मला ती हसल्यावर कळलं. मलाही हसू आलं. वाकड्या तोंडानं हसताना लाळ गळते, ती मी बाहीनं पुसली, तरी हसतच होतो.

पाना लगेच लागत नाही हे सांगायला मला पाच मिनिटं लागली. आधी नळाची मूठ उघडी ठेवायची, म्हणजे पाइपात राहिलेलं पाणी निघून जातं. मग सिंकच्या भोकावर फडकं टाकायचं. मी "फडकं, भोक" एवढंच म्हणालो, पण ते तिला लगेच कळलं. म्हणाली, "बटन पडू नये म्हनून मी मांडीवर कापड घेते, तसंच." मग मुठीवरचं छोटं झाकण. त्याखाली स्क्रू लपलेला असतो. मी 'टोक, टोक' करत होतो, तिनं शिलाई मशीनची सुई आणली आणि झाकण अलगद उचकटलं. स्क्रू काढला, मूठ काढली, खालची चकचकीत टोपी हातानं फिरवून काढली. आत कार्ट्रिज दिसायला लागलं, क्षारानं पांढरं पडलेलं, चुन्यात बुडवून काढल्यासारखं.

आता पाना. तिनं तो कार्ट्रिजच्या षटकोनी गळ्याला लावला आणि जोर केला. कार्ट्रिज हललं नाही. तिनं ओट्याला गुडघा लावला आणि दोन्ही हातांनी जोर केला. या वेळी हललं, पण कार्ट्रिज नव्हे, अख्खा नळ भिंतीत हलला.

भिंतीतून येणारे नळ असे असतात. पाइप आत लपलेला असतो, नळ पिळला तर आतला सांधा तुटतो, आणि तो तुटला की फरशी, भिंत सगळं फोडावं लागतं. आमच्या पाइपाला तर वीस वर्षं झाली होती. ती पुन्हा जोर लावायला निघाली.

"थांब!"

मी ओरडलो. ना अडखळ, ना बोबडेपण. मंदाचा हात जागच्या जागी थांबला. तिनं वळून बघितलं तेव्हा मी उभा होतो. काठी खुर्चीला टेकून होती आणि मी तिच्याशिवाय दोन पावलं आलो होतो. कसा आलो ते मला आजही सांगता येणार नाही. मी पोट ओट्याला टेकवलं. दुसरा मोठा पाना दाखवला. तिनं तो माझ्या डाव्या हातात दिला. नळाच्या अंगाला ओरखडा उठू नये म्हणून फडकं गुंडाळायचं असतं, ते तिनं न सांगता गुंडाळलं. मी नळाचं अंग माझ्या पान्यानं पकडून ठेवलं, भिंतीत जराही फिरू न देता. म्हणालो, "तू... फिरव."

आम्हा दोघांत मिळून तीन हात होते. माझा एक धरणारा, तिचे दोन फिरवणारे. तिचा खांदा माझ्या छातीला टेकला होता. मी पडलो असतो तर तिच्यावरच पडलो असतो, आणि ते तिला माहीत होतं, तरी ती मागं वळून बघत नव्हती. तिनं श्वास धरला आणि पाना ओढला. कट् असा आवाज झाला. मला वाटलं, गेला पाइप. पण तो क्षार फुटल्याचा आवाज होता. पुढच्या फेऱ्याला कार्ट्रिज लोण्यासारखं फिरलं आणि तिच्या तळहातावर आलं.

तिनं मला आधी खुर्चीवर बसवलं, मग स्वतः खाली बसली. कार्ट्रिज माझ्यापुढं धरून म्हणाली, "एवढुसं तर हाय."

एवढुसंच असतं. पण प्रत्येक कंपनीचं वेगळं. वरच्या दांडीला बारीक दाते असतात, त्यावर मूठ बसते. दात्यांची संख्या चुकली तर मूठ बसत नाही. म्हणून मी म्हणालो, "दाते... मोज."

ती सुईचं टोक एकेका दात्यावर ठेवून मोजायला लागली. "एक, दोन, तीन..." आणि काय झालं, मीही तिच्याबरोबर म्हणायला लागलो. चार, पाच, सहा. आकडे कसे रांगेनं आले, मुंग्यांसारखे, एकामागं एक. बाराव्या दात्यावर ती थांबली. मला कळलंच नाही. मी एकटाच पुढं गेलो. तेरा, चौदा, पंधरा, ती नुसतीच सुई सरकवत होती. वीसला दाते संपले तेव्हाच मी थांबलो.

"वीस," ती म्हणाली. रुमालात कार्ट्रिज बांधलं, शेजारच्या काकूंना माझ्याकडं लक्ष ठेवायला सांगितलं आणि रिक्षा धरून बाजारात गेली.

दुकानात काय झालं ते तिनं आल्यावर सांगितलं. दुकानदार म्हणाला, "वहिनी, मिस्त्रीला पाठवा, तुम्हाला समजायचं नाही." तिनं रुमाल सोडून काउंटरवर ठेवला. त्यानं खोक्यातून एक काढून दिलं. हिनं तिथंच उभं राहून पदराला टोचलेली सुई काढली आणि दाते मोजले. चोवीस निघाले. "ह्याला वीस पायजेत, मूठ उजवीकडं बंद व्हनारी," ती म्हणाली. दुकानदार उठला आणि मागच्या फळीवरून दुसरं घेऊन आला.

बसवायचं काम काढण्यापेक्षा सोपं असतं, पण घाई करायची नसते. ज्या बैठकीत कार्ट्रिज बसतं ती आधी स्वच्छ करायची. तिनं जुन्या ब्रशला लिंबू लावून क्षार घासून काढला. मग गच्चीवर जाऊन कॉक जरासा सोडून लगेच बंद केला, म्हणजे आतली वाळू वाहून गेली. हे मी विसरलो नव्हतो याचा मला आनंद झाला. नवं कार्ट्रिज हातानं फिरवत आटे जुळवले. आटे वाकडे जुळले तर नळ जन्मभर गळतो, म्हणून पाना शेवटी. पान्यानं किती आवळायचं, हाच खरा प्रश्न. कमी आवळलं तर गळतं, जास्त आवळलं तर आतलं रबर चेपतं. बत्तीस वर्षांत हे मी कुणाला शब्दांत सांगितलेलं नव्हतं. माझ्या मनगटाला माहीत होतं आणि ते मनगट आता मुकं होतं.

ती पाना लावून थांबली होती. "किती?"

मी शोधत राहिलो. मग म्हणालो, "फॉल... फॉल लावतेस. दोरा."

"दोरा वढते तेवढं?"

"हं."

"कापडाला चुनी पडू न देता." ती स्वतःशीच म्हणाली आणि तिनं पाना एवढासा ओढून सोडला. मी डाव्या हातानं चाचपून बघितलं. मी आवळलं असतं तर तेवढंच आवळलं असतं.

वरचा कॉक सोडला. नळातून आधी फुस्स करून हवा आली, मग गढूळ पाणी, मग निवळ. तिनं मूठ बंद केली. नळाखाली पालथा हात धरून ती उभी राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. हात कोरडा होता. ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "नळालाच न्हाई, तुमच्या तोंडाला बी क्षार धरला हुता."

त्या संध्याकाळी वैशालीचा फोन आला. मंदा कानाला लावणार, तोच मी फोन हातात घेतला. म्हणालो, "वैशू. तुझ्या आईनं... नळ बसवला."

पलीकडून नुसतं "काय?" आलं. मला वाटलं, शब्द चुकला, भलतंच काही तरी बोललो. मी फोन खाली ठेवणार होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "आप्पा, परत म्हना." मी परत म्हणालो. "परत म्हना." मी तिसऱ्यांदा म्हणालो. तेव्हा वैशू रडत होती आणि मंदा मागं ओट्यापाशी परत पोळ्यांना लागली होती, तव्यावरची पोळी करपली तरी तिला उलटायचं भान नव्हतं.

असं काही झालं की सगळं एका दिवसात बरं होतं असं नाही. हात आजही तसाच आहे. बोलताना अजून शब्द सापडत नाही, मग थांबतो, माणसं वाट बघतात. पण बोलतो. दुसऱ्या दिवशी मी दिनकरला फोन लावला आणि पहिला शब्द "बस" म्हणालो. त्याला काही कळलं नसावं. पण तो तासाभरात आला आणि बसला, चांगला अर्धा दिवस.

शेजारच्या काकूंच्या न्हाणीतला नळ गळायला लागला तेव्हा त्या मला विचारायला आल्या आणि मंदा पिशवी घेऊन निघाली. मग गल्लीत कळलं, मग पुढच्या कॉलनीत. दिवसा घरी एकट्या असणाऱ्या बायकांना मंदाला बोलवायला बरं वाटतं. मला ते आधी कधी सुचलं नव्हतं. आणि कुणी बाई बाजूला उभी राहून बघायला लागली की मंदा तिच्या हातात पाना देते. "ह्ये असं धरा, मी हाय," म्हणते. ते ऐकलं की मला दर वेळी त्या फ्लॅटमधल्या ताईंची आठवण होते. त्या कुठं असतील कोण जाणे. हा अंक त्यांच्या हाती पडला तर त्यांनी एवढं समजून घ्यावं, की त्या दिवशी मी चुकीचं बोललो होतो.

आता आम्ही दोघं बरोबर जातो. वैशालीनं जुनी स्कूटी दिली, ती मंदा चालवते. मी मागं बसतो, पिशवी आमच्या दोघांच्या मधे. पोचलो की मला एक खुर्ची लागते. मी बसून बघतो, विचारलं तर सांगतो. हल्ली ती फारसं विचारत नाही.

गेल्या महिन्यात सावेडीतच एका फ्लॅटमध्ये काम होतं. स्वयंपाकघर अरुंद, तिथं दोन माणसं मावत नव्हती, म्हणून मला बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची दिली. आतून मंदाचा आणि घरातल्या बाईंचा बोलण्याचा आवाज येत होता, मधेच पान्याचा. तेवढ्यात घरमालक आले, हातात भाजीची पिशवी. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी चप्पल काढता काढता विचारलं, "काय हो, मिस्त्री आले का?"

लग्नाला पस्तीस वर्षं झाली. मी मंदाला कायम अगं-तुगंच केलं, लोकांतही आणि घरातही. त्यात काही वावगं आहे असं कधी मनात आलं नाही. पण त्या वेळी तोंडातून जे आलं ते न शोधता, न अडखळता आलं.

"आल्यात," मी म्हणालो. "आत काम करतायत."